‘बॉलपार्क फिगर सांगा’ म्हटलं की काय सांगायचं? खान्देशातून नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी

जळगाव एमआयडीसीतला पाइपचा कारखाना असो, धुळ्यातली ट्रान्सपोर्ट कंपनी असो, नाहीतर पुण्याला हिंजवडीत मिळालेली पहिली नोकरी असो, महिनाभराच्या आत हे वाक्य कानावर पडतंच: “एक्झॅक्ट नको, जस्ट गिव्ह मी अ बॉलपार्क.” नवीन माणूस मग एक तर गप्प बसतो, नाहीतर तोंडाला येईल तो आकडा सांगून मोकळा होतो. गप्प बसलं तर ‘याला काही माहिती नाही’ असं होतं. आकडा फेकला तर तोच आकडा चार दिवसांनी साहेबांच्या मेलमध्ये दिसतो, आणि त्यातलं ‘अंदाजे’ तेवढं गळालेलं असतं.

खरं तर आपल्याकडच्या पोरांना हे जड जायला नको. केळीच्या बांधावर उभं राहून किती माल निघेल हे सांगणारी माणसं घराघरात आहेत. अंदाज येतो, तो ऑफिसच्या इंग्रजीत कसा मांडायचा तेवढं शिकायचं असतं.

आधी अर्थ नीट लावून घ्या

बॉलपार्क म्हणजे अमेरिकेतलं बेसबॉलचं मैदान. बेसबॉलच्या मधल्या चौकोनाची मापं पक्की असतात, एका बेसपासून पुढच्या बेसपर्यंत ९० फूट. बाहेरचं कुंपण मात्र मैदानागणिक वेगळं. बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ साली सुरू झालं. तिथली डावीकडची भिंत तब्बल ३७ फूट उंच आहे. तर मैदान ऐसपैस असतं, पण त्याला हद्द असते. चेंडू नेमका कुठे पडला हे सांगता आलं नाही तरी तो कुंपणाच्या आत आहे एवढं छातीठोक सांगता येतं. १९६० च्या सुमारास हा शब्द अमेरिकेत मैदानाबाहेरच्या गोष्टींसाठी वापरात आला आणि तिथून तो आकडेमोडीच्या टेबलांवर पोचला.

म्हणून बॉलपार्क फिगर म्हणजे खालची आणि वरची हद्द मनात धरून सांगितलेला अंदाज. हद्दच नसेल तर ती थाप झाली.

आपल्या महसूल खात्याकडे याची जुनी सोय आहे. खरिपाची पैसेवारी (पीक किती आलं हे पैशांत सांगणारा सरकारी आकडा) एकदम पक्की जाहीर होत नाही. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. सप्टेंबरात जाहीर होते ती पहिली, कपाशी अजून शेतात उभी असताना. पन्नास पैशांच्या वर की खाली यावर पुढचं बरंच अवलंबून असतं, त्यामुळे गावात त्या पहिल्या आकड्याचीही चर्चा होते, पण अंतिम येईपर्यंत कुणी तो धरून बसत नाही. इंग्रजी ऑफिसातला बॉलपार्क म्हणजे हीच नजरअंदाज पैसेवारी. (हिंदीत ‘नजरअंदाज करना’ म्हणजे दुर्लक्ष करणं. इंदूर-भोपाळच्या सहकाऱ्याला हा शब्द समजावायला गेलात तर घोटाळा होईल.)

पहिली पायरी: आकडा कशासाठी हवाय ते विचारा

एकच वाक्य पुरतं: “सर, हे बजेटमध्ये धरायचंय की पार्टीला सांगायचंय?” बजेटसाठी हवा असेल तर थोडा वरचा आकडा सांगितलेला बरा. पार्टीला सांगायचा असेल तर प्रत्येक शब्द मोजून. आणि नुसतं ‘परवडेल की नाही’ एवढंच ठरवायचं असेल तर “पाच लाखांच्या आत बसेल” हेच उत्तर पुरे होतं, पुढची आकडेमोड कुणाला नको असते.

हे विचारायला नवीन मुलं लाजतात. लाजू नका. प्रश्न विचारणारा नवखा चालतो. न विचारता भलताच आकडा देणारा चालत नाही.

दुसरी पायरी: दोन मिनिटांचा हिशेब

इथे जरा थांबतो, कारण खरी मेख इथेच आहे.

समजा, तुम्ही ठिबकच्या कंपनीत विक्री विभागात लागला आहात. बाहेरच्या राज्यातून एका पार्टीचा फोन येतो: बारा एकर केळी, लॅटरल (झाडांच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी) किती लागेल, बॉलपार्क सांगा. शेताचा नकाशा नाही, सर्व्हे नाही. पण जे माहीत आहे ते पुष्कळ आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ओळींत पाच फुटांचं अंतर धरलं तर ४३,५६० भागिले पाच, म्हणजे ८,७१२ फूट नळी. मीटरमध्ये २,६५५. एवढं बारीक कशाला, २,७०० धरा. गुणिले बारा, ३२,४००. शेत चौकोनी नसतं, टोकाला तुकडे वाया जातात, म्हणून वरची हद्द थोडी वाढवा. उत्तर: ३२ ते ३५ हजार मीटर.

पण एक गोष्ट विचारायची राहिली तर हे सगळं वाया. ओळीला एक नळी की दोन? केळीला बरेच शेतकरी दोन नळ्या टाकतात. दोन असतील तर आकडा थेट दुप्पट. म्हणजे अंदाज बिघडतो तो गुणाकारात नाही, गृहीत धरण्यात. म्हणून हिशेब करताना ‘मी काय धरलं’ ते कागदाच्या कडेला लिहून ठेवायची सवय लावा.

बागायतदार हेच तोंडी करतो. पाच बाय पाचवर एकरी १,७४२ झाडं बसतात. मर, वादळ, वाऱ्याने मोडलेली वगळून दीड हजार घड कापणीला येतील असं तो धरतो. ‘वीसची रास पडेल’ म्हणतो, म्हणजे घडामागे सरासरी वीस किलो. दीड हजार गुणिले वीस, तीस टन, तीनशे क्विंटल. व्यापारी बांधावर आला की हा आकडा तयार असतो, आणि त्याच्यामागे ‘दीड हजार’ आणि ‘वीस’ ही दोन गृहीतकंही तयार असतात. व्यापारी घासाघीस करतो ती त्या दोनांवरच: “अठराची धरा भाऊ, माल बारीक आहे.” हा संवाद ज्याने ऐकला आहे त्याला कुठल्याही कंपनीतली एस्टिमेशनची मीटिंग नवी वाटायला नको.

तिसरी पायरी: शब्द निवडा

बॉलपार्कचे भाऊबंद बरेच आहेत आणि सगळे सारखे नाहीत. कोण किती पक्का हे कळलं की अर्धं काम झालं.

‘रफ’ आणि ‘रफली’ हे रोजचे. “रफली थर्टी-टू टू थर्टी-फाइव्ह थाउजंड मीटर्स” असं म्हटलं की कुणाला खटकत नाही, साहेबाला नाही, शिपायाला नाही. काहीच सुचलं नाही तर हाच वापरा. ‘अराउंड’ आणि ‘अबाउट’ बोलण्यात छान, एका आकड्यापुढे लावायचे. ‘अ‍ॅप्रॉक्सिमेटली’ लिहिताना शोभतो, पण तो ऐकणाऱ्याला वाटतं की मागे हिशेब झालेला आहे. न केलेल्या हिशेबाला हा शब्द लावू नका.

‘गेसटिमेट’ म्हणजे अर्धा अंदाज, अर्धा तर्क. आपापसात ठीक. पार्टीला पाठवायच्या मेलमध्ये मला तो कधीच बरा वाटला नाही, वाचणाऱ्याला वाटतं आपण गंमत करतोय.

‘बॅक ऑफ द एन्व्हलप’ म्हणजे पाकिटाच्या मागे केलेला हिशेब. वर नळीचा केला तो हाच. इंजिनियर लोकांना हा शब्द आवडतो, कारण त्यात ‘आकडा उगाच फेकलेला नाही, पायऱ्या दाखवू शकतो’ असं येतं.

‘गिव्ह ऑर टेक’ आकड्याच्या शेपटाला लागतो: “टेन थाउजंड, गिव्ह ऑर टेक फाइव्ह हंड्रेड.” आपलं ‘कमीजास्त’. ‘नॉर्थ ऑफ’ म्हणजे त्याहून वर, ‘साउथ ऑफ’ म्हणजे त्याहून खाली. अमेरिकी पार्टीच्या तोंडी येतो, आपण मुद्दाम वापरायची गरज नाही, ऐकल्यावर कळलं म्हणजे झालं.

प्रोजेक्टच्या कामात गेलात तर ‘रफ ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड’ असा लांबलचक प्रकार भेटेल, बोलताना ‘रॉम’. प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पुस्तकांत त्याला उणे २५ ते अधिक ७५ टक्के इतकी मोकळीक दिलेली असते. म्हणजे दहा लाखांचा रॉम दिला तर खरा खर्च साडेसात लाखही निघू शकतो आणि साडेसतरा लाखही. पक्क्या एस्टिमेटला मात्र उणे ५ ते अधिक १० टक्के एवढीच. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘बॉलपार्क’ म्हणताना समोरच्याच्या मनात दहा टक्के असतात आणि तुमच्या मनात पन्नास. भांडण तिथून सुरू होतं.

कारखान्यांत ‘बजेटरी ऑफर’ नावाचा कागद असतो. तो बॉलपार्कचाच लेटरहेडवरचा अवतार. त्यावरून ऑर्डर निघत नाही. ऑर्डरसाठी ‘फर्म कोटेशन’ लागतं. हे दोन कागद एकमेकांच्या जागी गेले तर काय होतं हे कुठल्याही जुन्या अकाउंटंटला विचारा, चहा संपेपर्यंत किस्से पुरतील.

आता जे भाऊबंद वाटतात पण नाहीत ते. ‘राउंड फिगर’ म्हणजे पक्का आकडा सोयीसाठी पूर्ण केलेला: ९,८७० चे १०,०००. दुकानदार म्हणतो “राउंड फिगर करून टाका”, तेव्हा त्याला आकडा नेमका माहीत असतो. ‘टेंटेटिव्ह’ तारखांना आणि बेतांना लावा. टेंटेटिव्ह म्हणजे बदलू शकतं असं, किती ते ढोबळ असं नव्हे. ‘थम्ब रूल’ ही पद्धत आहे, आकडा नाही. बांधकामात स्क्वेअर फुटाला चार किलो लोखंड आणि ०.४ गोणी सिमेंट हा थम्ब रूल. हजार फुटांच्या घराला चार टन आणि चारशे गोण्या हा त्यातून निघालेला बॉलपार्क.

मराठीत बोलायचं तर साठा काही कमी नाही. अंदाजे, सुमारे, साधारण, जवळपास, अदमासे, ढोबळमानाने. शिवाय आपली खास सोय म्हणजे आकड्याला ‘एक’ जोडणं: वीसेक, पन्नासेक, शंभरेक. किंवा जोडी लावणं: दहा-बारा, पंधरा-वीस. यात जोडीचा प्रकार सर्वांत प्रामाणिक, कारण दोन्ही हद्दी आपोआप सांगितल्या जातात. ‘मोघम’ मात्र या यादीत घालू नका. मोघम उत्तरात आकडाच नसतो: “बघू, लागतील थोडेफार.” साहेबाने बॉलपार्क मागितला आणि तुम्ही मोघम दिलंत तर तो पुन्हा विचारणार, आणि आवाज चढवून.

चौथी पायरी: सांगताना चार गोष्टी एकत्र

हद्द, एकक, काय धरलं, आणि पक्का आकडा कधी. चारही एका वाक्यात मावतात. “रफली थर्टी-टू टू थर्टी-फाइव्ह थाउजंड मीटर्स, अझ्युमिंग सिंगल लॅटरल अ‍ॅट फाइव्ह फीट. फायनल नंबर आफ्टर द सर्व्हे, बाय फ्रायडे.” मराठीत: “ओळीला एक नळी, पाच फुटांवर, असं धरून बत्तीस ते पस्तीस हजार मीटर. सर्व्हे झाला की शुक्रवारपर्यंत पक्का सांगतो.”

अंदाज म्हणून ३४,२८७ असला आकडा कधी देऊ नका. शेवटचा सात कुठून आला हे तुम्हालाही सांगता येणार नाही. कॅल्क्युलेटरने दाखवलं म्हणून तो खरा होत नाही. पहिले दोन अंक ठेवा, बाकी शून्यं.

परदेशी पार्टी असेल तर लाख-कोटी सोडून मिलियनमध्ये बोला. दहा लाखांचा एक मिलियन, एक कोटीचे दहा मिलियन. फोनवर ‘थर्टी लॅक’ म्हटलं की पलीकडे शांतता पसरते. ‘थ्री मिलियन रुपीज’ म्हणा. तसंच एकर आणि हेक्टर: एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, इथे चूक झाली तर अंदाज अडीचपट हलतो, मग कुठलं कुंपण पुरणार?

लिहिताना ‘बॉलपार्क’ हा एकच शब्द, तोडायचा नाही. नामही चालतं, विशेषणही: “बॉलपार्क कॉस्ट”, “बॉलपार्क रेंज”. “लेट मी बॉलपार्क इट” असं क्रियापदही ऐकू येतं, पण ते तोंडीच राहू द्या. आणि एक बारीकसं: आपल्या बोलण्यात ‘फिगर’ शब्दाला दुसराही अर्थ चिकटलेला आहे. अवघडल्यासारखं वाटत असेल तर ‘बॉलपार्क नंबर’ किंवा ‘बॉलपार्क एस्टिमेट’ म्हणा.

पाचवी पायरी: दुसऱ्याकडून अंदाज काढून घेणं

नव्या माणसाला आकडा देण्यापेक्षा मागावाच जास्त लागतो. गोडाऊनमधले जुने भाऊ, प्रॉडक्शनचे दादा, अकाउंट्सच्या ताई यांच्याकडे सगळे आकडे असतात, पण ते पटकन बोलत नाहीत, कारण त्यांनी सांगितलेला अंदाज पूर्वी कुणीतरी पक्का म्हणून पुढे ढकललेला असतो. त्यांच्याशी ‘बॉलपार्क’ बोलूच नका. “भाऊ, पक्कं नको, तुमच्या नजरेनं किती दिवस लागतील? तुमचं नाव कुठे लिहीत नाही.” अहिराणीतल्या माणसाला अहिराणीतच विचारा: “कितला लागतीन भो?” उत्तर लगेच येतं, आणि बहुधा संगणकाच्या प्लॅनपेक्षा बरं येतं.

तरी आडवेढे घेतले तर वरून-खालून घेरायचं. “आठ दिवसांत होईल?” “नाही.” “महिना लागेल?” “छे, एवढा नाही.” “पंधरा-वीस?” “हां, तेवढे धरा.” मिळाला बॉलपार्क. इंग्रजी बोलणाऱ्या साहेबावरही हीच युक्ती चालते: “इज इट क्लोजर टू टेन ऑर थर्टी?”

सारखे वाटणारे, पण वेगळे

यावर थोडक्यात. ‘इन द बॉलपार्क’ म्हणजे अंदाज जवळपास बरोबर. ‘हिट इट आउट ऑफ द पार्क’ म्हणजे जोरदार कामगिरी. क्रिकेटवाल्यांनी सिक्सर आठवावा. ‘नॉट इव्हन इन द बॉलपार्क’ म्हणजे आकडा फारच लांब, आणि हे तुमच्या कोटेशनबद्दल कुणी म्हटलं तर खुश होऊ नका. ‘होल न्यू बॉल गेम’ म्हणजे परिस्थितीच बदलली. ‘बॉल इज इन युअर कोर्ट’ टेनिसमधून आलंय, ‘आता तुम्ही ठरवा’ या अर्थाचं. त्याचा आकड्यांशी संबंध नाही.

मुलाखतीत

“व्हॉट्स युअर बॉलपार्क?” असं एचआर विचारते तेव्हा ती पगाराची अपेक्षा विचारत असते. आधी एवढं स्पष्ट करून घ्या: सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) की हातात येणारा? सीटीसीमध्ये कंपनीच्या वाट्याचा पीएफही धरलेला असतो, त्यामुळे बाराने भागून जो आकडा येतो तो खात्यात जमा होत नाही. मग हद्द सांगा, आणि ती फार पसरट नको. ‘तीन ते सहा लाख’ म्हटलंत तर समोरची व्यक्ती फक्त ‘तीन’ ऐकते. खालचा आकडा असा ठेवा की तेवढाच मिळाला तरी तुम्ही जाल. पुण्याला जात असाल तर खोलीभाडं आणि मेस धरून तो ठरवा. जळगावात घरी राहून मिळणारे पंधरा हजार आणि तिथले पंधरा हजार एक नसतात.

कुठे बॉलपार्क चालत नाही

जीएसटीचं बिल, ई-टेंडरमधला दर, औषधाचा डोस, वजनकाट्याची पावती. जळगावच्या सराफ बाजारात सोनं मिलिग्रॅमपर्यंत मोजलं जातं. तिथे वजनाचा अंदाज कुणी सांगत नाही आणि कुणी ऐकूनही घेत नाही. मजुरी किती पडेल हे मात्र खुशाल ढोबळमानाने विचारता येतं, आणि विचारावंच.

शेवटची पायरी: आकडा हलला तर

सर्व्हे झाला, शेत तिरकं निघालं, शेतकऱ्याने दोन नळ्या मागितल्या, आकडा ६६ हजारांवर गेला. हे होणारच. इथे वेळ महत्त्वाची. फर्म कोटेशनमध्ये पार्टीला हा आकडा अचानक दिसू देऊ नका. कळल्याच्या दिवशी आधी फोन, मग मेल. फोनवर जुना आकडा स्वतःहून काढायचा: “मी बत्तीस ते पस्तीस सांगितलं होतं, एक नळी धरून. साइटवर दोन नळ्या ठरल्या, म्हणून आता सहासष्टच्या आसपास जातंय.” इंग्रजीत: “अवर अर्लियर बॉलपार्क अझ्युम्ड अ सिंगल लॅटरल. विथ टू, वी आर नाऊ अराउंड सिक्स्टी-सिक्स थाउजंड.” मेलमध्ये जुना आकडा, नवा आकडा आणि कारण एकाखाली एक लिहा, आणि साहेबांना कॉपीमध्ये ठेवा. पहिल्या दिवशी कागदाच्या कडेला लिहिलेलं ‘एक नळी धरली’ इथे कामाला येतं, ते नसेल तर पार्टीचा एकच प्रश्न असतो, “मग तेव्हा का नाही बोललात?”